भडक की साधे?

(१९८५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना त्यातले दोन विनोद गाळले आहेत. ते ज्यांच्यावर होते, त्यांनी चहाच्या वेळी तशी विनंती केली.)



संयोजकांनी प्रत्येकाला आपापल्या कामाविषयी दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. आपल्या डॉक्टर मित्राने हृदयाबद्दल सांगितलं, वकील मैत्रिणीने मृत्युपत्राबद्दल सांगितलं. एकाने घाबरवलं आणि दुसरीने तयारी करून घेतली. आता माझ्याकडे बूट उरले आहेत. तेव्हा जरा सैल बसा.

महिन्याभरापूर्वी आपल्या ग्रुपवर एका मैत्रिणीने प्रश्न टाकला होता. ती समोरच बसली आहे, नाव घेत नाही. प्रश्न असा होता: ‘मुलगी म्हणते स्पोर्ट शूज घे. रोज घालायला रंगीत घेऊ की साधे?’ तासाभरात सत्तावीस उत्तरं आली. त्यातली सहा गुड मॉर्निंगची फुलं होती. बाकीच्यांनी ‘वयाला शोभतील असे घे’ म्हटलं, आणि एकाने लिहिलं, ‘आता काय, नवरी व्हायचंय का?’ एकोणतीस वर्षं बुटाचं दुकान चालवणारा मी मात्र गप्प होतो. तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं. का पुसलं ते आज सांगतो. पण आधी दुकानदाराचं उत्तर देतो, कारण तिचं काम त्यात होऊन जाईल.

बूट संध्याकाळी घ्यावेत. दिवसभर उभं राहून पाय थोडा पसरतो; सकाळी बरोबर बसलेला जोड संध्याकाळी चावायला लागतो. दोन्ही पायांत घालून बघा. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जरासा मोठा असतो, नंबर त्या मोठ्या पायाचा घ्यायचा. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ‘वापरून सैल होतील’ असं माझ्यासारखा कुणी म्हणाला, तर त्याच्याकडे तुमचा नंबर शिल्लक नाही असं समजा.

मग रंग. एकच जोड घेणार असाल तर साधा घ्या. राखाडी, नेव्ही ब्लू, काळा. पॅन्ट कुठलीही असो, भांडण होत नाही. शुभ्र पांढऱ्याला लोक साधा म्हणतात, ते मला पटत नाही. साताऱ्यात जून ते सप्टेंबर पांढऱ्या बुटासारखा भडक बूट नाही. रस्त्यावरचा प्रत्येक शिंतोडा तो गावाला दाखवतो. घ्यायचाच असेल तर धुतल्यावर साबण पूर्ण काढा, आत कागदाचे बोळे घाला आणि सावलीत वाळवा. कडक उन्हात ठेवलात तर पिवळा पडतो आणि मग मला दोष देता.

साडीवर काय घालायचं, हे हल्ली दिवसातून दोनदा तरी विचारलं जातं. शिक्षिका येतात, बँकेतल्या येतात, गुडघे दुखणाऱ्या सगळ्या येतात. त्यांना मी सांगतो, निऱ्यांखालून बुटाचं फक्त नाक दिसतं. नाक साधं असलं की मागची टाच लाल असो नाहीतर पोपटी, ती फक्त जिना चढताना मागच्या माणसाला दिसणार. काठातला गडद रंग उचलला तर उत्तमच. आपल्या गणिताच्या बाईंना मी मागच्या वर्षी असेच दिले. बाईंनी आधी बिलाची बेरीज तपासली, ती बरोबर निघाली, मग बूट घातले.

भडक घ्यायचा असेल तर दुसरा जोड म्हणून घ्या, आणि तो घातला की बाकी सगळं शांत ठेवा. बूट नारिंगी, शर्ट फुलाफुलांचा आणि वर गॉगल, असं झालं की माणूस दिसत नाही, दुकान दिसतं. आणखी एक धंद्यातली गोष्ट सांगतो. भडक माल पटकन जुना होतो. सीझन संपला की माझ्या फळीवर भडक रंगातले सहा नंबर आणि अकरा नंबर शिल्लक राहतात. राखाडी रंगाचा एकही राहत नाही. ज्यांचा पाय सहाचा किंवा अकराचा आहे, त्यांनी दिवाळीनंतर या. स्वस्तात पडेल.

झालं दुकानदाराचं उत्तर. आता मी ते का पुसत होतो ते.

आपल्या काळी हा प्रश्नच नव्हता. ट्रेनर, स्नीकर हे शब्द आपण ऐकलेही नव्हते. पी.टी.ला पांढरे कॅनव्हासचे बूट, एवढंच ठाऊक होतं. शनिवारी सकाळची शाळा, पी.टी.चे सर रांगेपुढून चालत जायचे आणि चेहऱ्याकडे न बघता पायाकडे बघायचे. शुक्रवारी रात्री घरोघरी बूट रंगायचे. ज्यांच्याकडे बाटलीतला पांढरा रंग होता ते तो लावत, आणि बाकीचे वर्गातला खडू ओला करून घासत. त्या काळात शाळेचा खडू इतका लवकर का संपायचा, याचं उत्तर सरांना चाळीस वर्षांनी मिळतंय.

माझे वडील, आबा, एस.टी. स्टँडच्या बाहेर बसायचे. ऐरण, रापी, आरी आणि वर एक छत्री. तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या दप्तराचे बंद त्यांनी शिवले आहेत. मी चर्मकाराचा मुलगा, हे तुम्हाला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. वर्गात कुणी काढत नव्हतं. पण स्टँडवरून जाताना तुमच्याबरोबर असलो की मी पलीकडच्या बाजूने चालायचो, हे आज कबूल करतो. आबांना ते दिसत असणार. तिथे बसून दुसरं काय दिसतं? सगळे पायच दिसतात. माझे पाय ते कशावरूनही ओळखत.

कारण माझे बूट त्यांनीच केलेले होते. म्हणजे विकत आणलेले नव्हते. दुरुस्तीला टाकलेले जोड काही लोक न्यायला येतच नाहीत. आबांकडे असा एकाचा डावा शिल्लक होता आणि दुसऱ्या कुणाचा उजवा. नंबर जवळपास एकच. डाव्यावर निळी पट्टी होती, उजव्यावर लाल. आबांनी तळ बदलले, दोन्हींवर पांढऱ्या रंगाचे तीन-चार हात दिले, आणि जोड तयार. शपथ घेऊन सांगतो, ओळखू येत नव्हतं. दीड वर्ष कुणालाही कळलं नाही.

१५ ऑगस्ट १९८४. आपण दहावीत होतो. झेंडावंदनानंतर संचलन होतं, पाहुणे होते, आणि ऑगस्ट असल्याने पाऊसही होता. तो आधी भुरभुर आणि मग चांगलाच लागला. मैदानाची दुसरी फेरी पूर्ण होईपर्यंत माझ्या बुटांवरून पांढरे ओघळ निघाले होते, आणि तिसऱ्या फेरीला डाव्या पायावर निळी पट्टी, उजव्यावर लाल. मागच्या रांगेतून हसू फुटलं. जे हसले ते आज माझे सगळ्यात जवळचे मित्र आहेत, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही हसलो असतो. पण तेव्हा मला एवढंच वाटलं, की या मैदानाने आत्ता मला गिळावं.

त्यानंतरच्या शनिवारी मी पोट दुखतंय म्हणून घरी राहणार होतो. आईने पाठवलं. रांगेत उभा राहिलो, पायात तेच बूट, वर रंगाचे नवे हात. सर आले, रांगेच्या सुरुवातीला थांबले आणि म्हणाले, ‘मैदान ओलं आहे. बूट खराब होतील. सगळ्यांनी काढा.’ आपण सगळ्यांनी बूट काढून कडेला ठेवले आणि अनवाणी कवायत केली. त्यानंतरचा शनिवार, मग पुढचा, दसऱ्यापर्यंत. मैदान कधीच वाळलेलं होतं. सर, मी तुम्हाला हे कधी विचारलं नाही. आजही विचारत नाही. मघाशी पाया पडताना तुम्ही माझ्या बुटांकडे बघितलंत, ते मात्र मी पाहिलं.

पुढे धंद्यात पडल्यावर बुटांविषयी मिळेल ते वाचायला लागलो, तेव्हा एक गोष्ट कळली आणि मी मोठ्याने हसलो. १९८४-८५ च्याच हंगामात, तिकडे अमेरिकेत मायकेल जॉर्डन नावाच्या एका पोरसवदा खेळाडूच्या काळ्या-लाल बुटांना बास्केटबॉलच्या एन.बी.ए.ने हरकत घेतली होती. कारण काय, तर बाकीच्या संघाच्या बुटांशी रंग जुळत नाहीत! नायकेने त्या हरकतीचीच जाहिरात केली आणि १९८५ मध्ये बाजारात आलेले त्याचे बूट लोकांनी रांगा लावून घेतले. म्हणजे त्याच वर्षी दोन पोरांचे बूट रांगेत जुळले नव्हते. एकाची जाहिरात झाली, आणि दुसरा पोट दुखतंय म्हणत अंथरुणात पडून होता.

त्या दिवसापासून मी साध्याच्या बाजूचा झालो. फक्त बुटांत नाही. कपडे फिके, आवाज हळू, फोटोत मागच्या रांगेत. आपल्या सहलीचा फोटो काढून बघा, मी कुणाच्या तरी खांद्यामागे अर्धा आहे. १९९६ साली मोती चौकाजवळच्या गल्लीत दुकान टाकलं, तेव्हा पाटीही राखाडी केली. पेंटर म्हणाला, ‘शेठ, ही दिसणार नाही.’ मी म्हटलं, चालेल.

आणि धंद्याच्या दृष्टीने मी चुकत होतो असंही नाही. आदिदासचा तो पांढरा बूट तुम्ही पाहिला असेल, बाजूला बारीक भोकांच्या तीन ओळी आणि टाचेला हिरवा तुकडा. तो टेनिसचा बूट. १९७२ चा विम्बल्डन विजेता स्टॅन स्मिथ, त्याच्या नावाने ओळखला जातो. पन्नास वर्षं झाली, आजोबाही घालतात आणि नातूही. साधेपणाची ताकद ती. मी गिऱ्हाइकांना हेच उदाहरण देत आलो. समोरच्या पोराने अटलांटा १९९६ चं काढलं, की बघा, मायकेल जॉन्सन सोनेरी बूट घालून दोनशे आणि चारशे मीटर दोन्ही जिंकला, तर मी म्हणायचो, ‘बाळा, दोनशे मीटर १९.३२ सेकंदांत पळणार असशील तर सोनेरी मागवून देतो. तेच बूट घालून तो चौथा आला असता, तर लोकांनी काय म्हटलं असतं?’ पोरगं गप्प बसायचं आणि राखाडी घेऊन जायचं. मला वाटायचं, आपण चांगला सल्ला दिला.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये नायकेने आपल्या कितीतरी खेळाडूंना एकाच झगझगीत पिवळ्या-पोपटी रंगाचे बूट दिले होते. टीव्हीवर आधी बूट दिसायचे, मग माणूस. वर्षभरात तसल्या रंगाचा माल आपल्या बाजारात सगळ्याच कंपन्यांचा आला. आपल्याकडे त्याला ‘रेडियम कलर’ म्हणतात. मी नाइलाजाने एक सेट घेतला, आणि पोरांना दिसतील अशा खालच्या फळीवर लावला.

आबा तेव्हा पंचाहत्तरीला आले होते. स्टँडवर बसणं बंद होऊन दहा वर्षं झाली होती. साखर निघाली होती आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. एका दुपारी दुकानात आले, स्टुलावर बसले आणि त्या खालच्या फळीकडे बघत राहिले. मग बोट दाखवून म्हणाले, ‘त्यो काढ.’

पोपटी बूट, नारिंगी नाड्या.

मी म्हटलं, ‘आबा, ते पोरांचे आहेत. तुम्हाला हे देतो.’ आणि राखाडी काढले. माझ्याकडचे सगळ्यात महाग राखाडी. त्यांनी काही न बोलता घातले, दोन पावलं टाकली, अंगठ्याने शिवण चाचपली आणि ‘काम चांगलं हाय’ म्हणून घरी गेले. मला बरं वाटलं. खरं कारण सांगू? मला गिऱ्हाइकांची भीती वाटली. स्टँडवरचा म्हातारा पोपटी बूट घालून फिरतोय म्हणून लोक हसतील, आणि मग तो कोण, कुणाचा बाप, हे सगळं पुन्हा निघेल. पावसात माझ्या बुटांवरचा रंग पुन्हा ओघळेल असं काहीतरी वाटलं. वय वर्षं त्रेचाळीस, स्वतःचं दुकान, आणि डोक्यात हे.

आठ-दहा दिवसांनी बायकोने सांगितलं, की आबा पहाटे पाचला निघतात, पोवई नाक्याकडून हायवेच्या बाजूला जातात आणि परत आले की अंगणात बसून बुटांवर काहीतरी चिकटवत असतात. जाऊन बघितलं तर त्यांनी कुठून तरी सायकलला लावायची लाल रेडियमची पट्टी आणली होती आणि माझ्या त्या महागड्या राखाडी बुटांच्या टाचेला ती अगदी सफाईने शिवली होती. चिकटवून सुटते म्हणून शिवली. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, ‘पाटंच्या अंधारात ट्रकवाल्याला दिसाय नगं व्हय? म्हनून त्ये मागितलं हुतं. तू म्हनलास पोरांचं हाय.’

मी एकही प्रश्न न विचारता सगळं ठरवून टाकलं होतं. त्याच दिवशी पोपटी जोड घरी आणला. आठ नंबर.

त्यानंतरची सहा वर्षं तुमच्यापैकी जे पहाटे फिरायला जातात त्यांनी पाहिली आहेत. ‘पोपटी आबा’ हे नाव आपल्याच एका मित्राने ठेवलं, तोही इथे आहे. हिल मॅरेथॉनचा सराव करणारी पोरं यवतेश्वरच्या घाटाकडे पळत निघायची, ती लांबूनच ‘आबा’ म्हणून हात करायची. एकदा शाहू स्टेडियमजवळ एक निवृत्त साहेब त्यांच्याशी बोलायला थांबले. बूट कुठून घेतले, मऊ आहेत का, असं विचारलं, आणि जाताना म्हणाले, ‘आपलं नाव काय?’ आबा घरी येऊन म्हणाले, ‘त्या सायबाचं बूट मी वीस वर्सं शिवलं. आज नाव इचारलं.’ त्यांना त्याचा राग नव्हता. मजा वाटली होती. पोहे खात ते ही गोष्ट दोनदा सांगत होते. मला पोहे गिळवत नव्हते.

पहिला जोड झिजला तेव्हा तो माल बंद होत आला होता. मी आठ नंबरचे शेवटचे दोन जोड बाजूला काढले. त्यातला एक त्यांनी वापरला. दुसरा खोक्यातच राहिला. २०१९ च्या पावसाळ्यात आबा गेले.

या स्नेहमेळाव्याचं ठरलं, आणि ग्रुपवर तो प्रश्न आला, त्या रात्री मी ते खोकं खाली काढलं. माझाही नंबर आठच. म्हटलं, मेळाव्याला हेच घालून जाऊ. आतला कागद तसाच होता, रंगही तसाच. घातले, नाड्या बांधल्या, माजघरातून ओटीपर्यंत आलो, आणि चवथ्या-पाचव्या पावलाला टाचेखाली चुरा झाला. फरशीवर पिवळट भुगा. मला, तीस वर्षं या धंद्यात असलेल्या माणसाला, हे कळायला हवं होतं. पीयूचा सोल न वापरता ठेवला तरी हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो. वापरातला टिकतो त्यापेक्षा कधीकधी खोक्यातला लवकर जातो. गिऱ्हाईक भांडायला येतात, ‘एकदाही घातला नाही हो!’ त्यांना मी हेच समजावून सांगतो. तुमच्याही कपाटात ‘चांगल्या प्रसंगाला’ म्हणून ठेवलेला जोड असेल तर आज घरी गेल्यावर अंगठ्याने दाबून बघा.

सोल चिकटवण्यासारखा राहिला नव्हता. आबा असते तर त्यांनी दुसऱ्या कुणाचा तरी तळ बसवला असता. मला ते काम येत नाही. त्यांनी शिकवलं नाही आणि मी मागितलं नाही. मी नाड्या तेवढ्या काढून घेतल्या.

तर मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मघाशी दिलंच आहे, एकच जोड असेल तर राखाडी घे. पण दुकानात ये, फळीपुढे उभी राहा, आणि बोट ज्याच्याकडे जाईल तो का हवा आहे ते मला सांग. मी आता आधी विचारतो. कधी लोक सांगतात, की मैत्रिणीकडे आहे म्हणून. कधी सांगतात, लग्नानंतर लाल रंग घातलाच नाही म्हणून. कधी नुसतं हसतात. मी बिल करतो.

सर मघाशी ज्याकडे बघत होते ते हे. बूट राखाडीच आहेत, माझी खोड जात नाही. नाड्या नारिंगी आहेत. मागे बसलेल्यांना दिसत नसतील तर उद्या दिसतील. सकाळी साडेपाचला पोवई नाक्यावर जमून चार भिंतीपर्यंत चालत जायचं ठरलं आहे ना? ज्यांच्याकडे काळे बूट असतील त्यांनी रस्त्याच्या आतल्या बाजूने चाला. अंधार असतो आणि तिथे लाइट नाहीत.